देठ बघा, मग रोप घ्या : जांभूळ आणि जाम

तीन वर्षांपूर्वी 'पांढरं जांभूळ' म्हणून एक रोप माझ्या गळ्यात मारलं गेलं. दुसऱ्या वैशाखात त्याची पानं कडेने करपून गेली, तेव्हा उलगडा झाला. तो जाम होता, घंटेच्या आकाराची पाणीदार फळं देणारा. दोघं एकाच सिझिजियम घराण्यातले, पेरू-लवंगेच्या कुळातले. पण स्वभाव निराळे.

या आषाढात बांधावर लागवड करणार असाल तर पैसे देण्याआधी पान हातात घ्या. जांभळाच्या पानाला बोटाच्या पेराएवढा देठ असतो, आणि पान चुरगळलं की टर्पेंटाइनसारखा वास येतो. जामाचं पान मोठं, देठ नावालाच; पान फांदीलाच चिकटलंय असं वाटतं. फुलावर आलेलं झाड असेल तर प्रश्नच नाही: जांभळाचा मोहोर बारीक, हिरवट-पांढरा, जामाचं फूल म्हणजे दाढीच्या ब्रशासारखा लांब केसरांचा पुंजका.

आपल्याकडे जळगाव भागात उन्हाळ्यात पारा 44-45 अंशांवर जातो. मोठं झालेलं जांभूळ ते सोसतं, तापीकाठच्या भारी जमिनीत पावसाळ्यात पाणी साचलं तरी तग धरतं. जामाला मात्र बारमाही ओल आणि दमट हवा लागते. हौस असेल तर एखादंच झाड विहिरीजवळ, केळीच्या आडोशाला लावा, ठिबकची नळी त्याच्यापर्यंत न्या आणि बुडाशी केळीच्या वाळल्या पानांचं आच्छादन ठेवा. रावेर-यावलच्या केळीवाल्यांनी तर पश्चिमेच्या बांधावर जांभूळच लावावं, वारा अडतो. फक्त सावली मोठी पडते, म्हणून शेजारच्या भाऊला आधी विचारा. नंतरची भांडणं झाडापेक्षा जास्त टिकतात.

खड्डा मीटरभर लांब-रुंद-खोल घ्या, त्यात कुजलेलं शेणखत आणि गाळ भरा. दोन झाडांत 8 ते 10 मीटर अंतर हवं. कलमाचा जोड मातीच्या वर राहू द्या. कलम चार-पाच वर्षांत फळतं, बीचं झाड आठ-दहा वर्षं घेतं.

खुंटासाठी, म्हणजे ज्यावर कलम बांधायचं त्यासाठी, रोपं करायची असतील तर खाल्लेल्या जांभळांच्या बिया धुऊन लगेच पेरा, पंधरा दिवसांत त्यांची उगवणशक्ती जाते. एका बीतून दोन-तीन कोंब निघाले तर घाबरू नका, जोमदार तेवढा ठेवा. आणि फळं काढायला पोरांना वर चढवू नका. जांभळाची फांदी हिरवीगार दिसत असतानाही काडकन मोडते. खाली जुनं लुगडं धरा आणि बांबूने हलवा.