सोलरला जमीन देताय? आधी सातबारा काढा

आमचा माळ भाड्यानं देऊन त्यावर सोलरच्या प्लेटा उभ्या राहिल्यापासून दर आठवड्याला कोणाचा ना कोणाचा फोन येतो, "वहिनी, तुम्ही कसं केलं?" एकेकाला सांगून घसा बसला, म्हणून लिहूनच काढते. आम्ही जत तालुक्यातले. आमच्या ह्यांना कागद वाचायचा कंटाळा, त्यामुळे सगळी पळापळ मीच केली.

योजना मुख्यमंत्री सौर कृषी वाहिनीची. २०१७ साली सुरू झाली, २०२३ मध्ये २.० आली. सबस्टेशनच्या आसपासच सौर प्रकल्प उभारायचे आणि शेतीच्या फीडरला (सबस्टेशनवरून शेतांकडे जाणाऱ्या लाईनला) दिवसा वीज द्यायची. रात्रपाळीची लाईट असली की हे दीड वाजता उठायचे, तोंडात बॅटरी धरून स्टार्टरची पेटी उघडायचे, आणि मोटर चालू झाल्याचा फोन येईपर्यंत मी जागी. त्यामुळे दिवसाच्या विजेचं मला कोणी पटवून द्यायची गरज नव्हती.

गावात निम्म्या लोकांना वाटतं की प्लांट महावितरणचाच. आमच्याकडे तरी तसं नाही. प्लांट खाजगी कंपनीचा, महावितरण २५ वर्षं वीज विकत घेणार, आणि जमीन आपली. म्हणून कराराच्या पहिल्या पानावर भाडेकरू म्हणून कोणाचं नाव आहे ते आधी बघा. भाडं तोच देणार.

अंतर मोजा. खाजगी जमीन ३३/११ केव्ही सबस्टेशनपासून ५ किलोमीटरच्या आत लागते. एका मेगावॅटला साधारण चार-पाच एकर जातात, त्यामुळे शेजारी मिळून दिलेलं बरं. आम्ही चौघांनी दिलं. बागायत देऊ नका. मुरमाड माळ आहे ना, तो द्या.

आता सातबारा. खरं काम इथंच आहे.

ताजा सातबारा, आठ-अ आणि फेरफार काढून जेवणाच्या ताटाशेजारी ठेवून वाचा. भोगवटादार वर्ग २ (म्हणजे सरकारी परवानगीशिवाय देता न येणारी जमीन) दिसलं तर आधी जिल्हाधिकाऱ्यांची परवानगी. 'इतर हक्क' खाली गावच्या सोसायटीच्या पीककर्जाचा जुना बोजा असतोच. आमचं कर्ज कधीच फिटलं होतं, पण बोजा तसाच. सोसायटीचा दाखला तलाठ्याकडे देऊन तो उतरवायला दोन महिने गेले.

सासऱ्यांच्या मागं वारसनोंद झाली तेव्हा नणंदेचं नाव लागलेलं. एजंट म्हणाला, "ताईंकडून हक्कसोड घेऊन टाका, सही कमी लागेल." मी म्हटलं, सही कमी लागते म्हणून बहिणीचा हिस्सा घालवायचा होय? नणंद इचलकरंजीहून एक दिवस आली, सही केली, तिचा वाटा तिच्याच खात्यात जमा होतो असं करारात लिहून घेतलं. तुमच्याकडे बहिणींची नावं असतील तर भाडं ठरायच्या आधीच त्यांना फोन करा.

क्षेत्रसुद्धा बघा. आमचं १ हेक्टर ८२ आर, त्यात ३१ आर पोटखराबा, म्हणजे लागवडीला न येणारी जमीन. कंपनीच्या मसुद्यात फक्त १.५१ धरलेलं. पण कुंपण तर सगळ्याला घालणार! योजनेतला दर हेक्टरी वर्षाला १,२५,००० रुपये, दरवर्षी मूळ दरावर ३ टक्के वाढ. म्हणजे वर्षाला ३८,७५० रुपये त्या एका आकड्यात गेले असते. सरकारी मोजणी मागून घेतली आणि मोजलेल्या सगळ्या क्षेत्राचं भाडं लावून घेतलं.

मसुदा इंग्रजीत आला. मराठीत आणल्याशिवाय सही नाही म्हटलं, पंधरा दिवसांनी आला. त्यात ही कलमं हवीतच: कंपनीनं कर्ज काढलं तरी आपल्या जमिनीवर बोजा चढवायचा नाही. मुदत संपली की खांब आणि काँक्रीट त्यांनीच उपटून न्यायचं. ओढ्याची वाट बुजवायची नाही (आमच्या खालच्या शेजाऱ्याच्या बांधावर पहिल्याच पावसात पाणी फुटलं, मग चर खणून दिली). मागच्या शेताची वहिवाट मोकळी. भाडं थकलं तर किती दिवसांनी करार मोडता येईल तेही. दुय्यम निबंधकाकडे नोंदणी झालीच पाहिजे, खर्च कंपनीचा. नोटरीवर भागवू म्हणणाऱ्याला चहा पाजून वाटेला लावा.

हे भाडं शेतीचं उत्पन्न धरत नाहीत. टीडीएस, म्हणजे भाडं देतानाच आयकर, कापला जाऊ शकतो, म्हणून ज्याचं नाव सातबाऱ्यावर त्याचं पॅन कार्ड तयार ठेवा.

एक कलम मात्र माझ्याकडून राहिलं. सासूबाईंच्या सहा शेळ्या त्या माळावर चरायच्या. आता प्लेटांखाली गुडघाभर गवत येतं, कंपनीची माणसं यंत्रानं कापतात आणि ढीग लावून पेटवतात. सासूबाई रोज गेटवर जाऊन वॉचमनकडून एक भारा मागून आणतात. तुम्ही गवताचा हक्क करारातच लिहून घ्या.