‘हॅपी’च्या पुढचा शब्द ऐका

ब्रिटिश क्लायंटशी रोज बोलायचं काम नुकतंच गळ्यात पडलंय, अशांसाठी लिहितेय. व्याकरण तुम्हाला येतंच, ते सोडून देऊ. मला सगळ्यात जास्त रडवलं ते ‘हॅपी’ने, म्हणून त्यावरच जास्त बोलणार आहे.

‘आय ॲम हॅपी टू वेट’ म्हणणारा माणूस खूश असेलच असं नाही. तो थांबायला तयार आहे, बस. ‘हॅपी टू’ म्हणजे तयारी. ‘हॅपी विथ’ म्हणजे समाधान: ‘वी आर हॅपी विथ द डिझाइन’ आलं की डिझाइन पसंत पडलंय. आता ‘फॉर’. प्रमोशन झाल्यावर कुणी ‘आय ॲम हॅपी फॉर यू’ म्हटलं, तर तो तुमच्यासाठी झालेला आनंद. पण ‘आय ॲम हॅपी फॉर यू टू लीड द कॉल’ यात आनंदबिनंद काही नाही. कॉल तुम्ही घ्या, माझी हरकत नाही, एवढाच अर्थ. आणि ‘आय वुड हॅव बीन हॅपी टू हेल्प’ ऐकलंत तर ती वेळ निघून गेली हे ओळखा. ‘आधी का नाही विचारलंत’ अशी नाराजीही त्यात अनेकदा असते. पुन्हा सांगते, नुसतं ‘हॅपी’ ऐकून निर्धास्त होऊ नका, पुढचे शब्द येऊ द्या.

नाराजी मात्र दबक्या पावलांनी येते. ‘आय ॲम अ बिट डिसअपॉइंटेड’ मधलं ‘अ बिट’ बहुतेकदा थोडं नसतंच. ‘नॉट आयडियल’ आलं की त्याच दिवशी फोन करा. ‘क्वाइट गुड’ अमेरिकन माणसाकडून आलं तर चांगलंच कौतुक, ब्रिटिश माणसाकडून बऱ्याचदा ‘ठीक आहे’. उलट ‘नॉट बॅड’ला घाबरू नका, ती शाबासकी असते.

‘वुड यू माइंड’ला तयारी असेल तर ‘नॉट ॲट ऑल’ म्हणा. आपल्या तोंडून पटकन ‘येस’ जातं, ज्याचा शब्दशः अर्थ ‘हो, माझी हरकत आहे’ असा होतो, पण समोरचे सहसा सुरावरून समजून घेतात, जिवाला घोर लावून घेऊ नका.

‘शंभर वाक्यं पाठ करा’ छाप पीडीएफवर माझा काडीचा विश्वास नाही. त्यात सूर कुठून येणार? त्यापेक्षा कॉल संपल्यावर टीममधल्या जुन्या माणसाला विचारा, ‘तो आत्ता वैतागला होता का?’ विचारायला लाज वाटते, सुरुवातीला तर फारच. तरी विचारा. आणि स्वतःची नाराजी लिहिताना ‘आय ॲम नॉट हॅपी’ने सुरुवात करू नका, ते वाक्य फार कडक लागतं. ‘आय हॅव अ फ्यू कन्सर्न्स’ लिहा आणि खाली मुद्दे द्या, तारखांसकट.