मृगाआधी सोलरच्या बॅटरीकडे एकदा बघा

मृग लागला की बियाणं, खतं आणि पेरणीच्या धांदलीत घरच्या सोलरकडे कुणाचं लक्ष राहत नाही. पाणी घालायची लेड-ॲसिड बॅटरी खराब व्हायला लागते ती नेमकी तेव्हाच. ढगाळ दिवशी पॅनल पाव हिश्श्यावर येतं, कधी त्याहूनही खाली. घरातला वापर मात्र तेवढाच असतो. अर्धवट भरलेली बॅटरी आठवडेच्या आठवडे तशीच राहिली, तर प्लेटांवर सल्फेटचा थर घट्ट बसतो. मग ऑक्टोबरचं ऊन पडलं तरी ती पहिल्यासारखी भरत नाही.

म्हणून रोहिणीतले कडक उन्हाचे दोन-तीन दिवस वाया घालवू नका. रात्रीचा वापर कमी ठेवून बॅटरी पूर्ण भरू द्या आणि त्यानंतरच पाणी घाला. आधी घातलं तर चार्जिंगमध्ये पातळी वर चढून ॲसिड बाहेर सांडतं. प्लेटाच उघड्या पडल्या असतील, तर त्या बुडतील एवढं आधी घालायला हरकत नाही. पाणी डिस्टिल्डच हवं. बोअरचं, आरओचं, पागोळ्यांचं चालणार नाही. ॲसिड घालू नका. आटतं ते पाणी, ॲसिड आतच असतं.

हायड्रोमीटर, म्हणजे बॅटरीतल्या ॲसिडची घनता मोजायची नळी, फार महाग नसतो. वाडीत मिळून एक घेतला तरी पुरे. ट्यूब्युलर (नळीसारख्या प्लेटांची) बॅटरी पूर्ण भरल्यावर आकडा १२४० च्या आसपास दिसायला हवा. सहाही कप्पे तपासा. पाच १२४० ला आणि एक ११८० ला असेल, तर तो कप्पा बिघडलाय. बॅटरीची वॉरंटी चालू असेल तर पेरणीआधीच दुकान गाठा.

टर्मिनलवरची पांढरी-हिरवी बुरशी खायच्या सोड्याच्या कोमट पाण्याने पुसा. झाकणं मात्र घट्ट लावलेली हवीत. वाळल्यावर नट आवळून व्हॅसलीन लावा. वायर काढायची झाली तर कंट्रोलरवरून (पॅनल आणि बॅटरीच्या मधला चार्जिंग सांभाळणारा डबा) आधी पॅनल सोडवा, मग बॅटरी. जोडताना उलट: आधी बॅटरी, नंतर पॅनल. घाईत हा क्रम चुकतो आणि कंट्रोलर जळतो.

बॅटरी युरियाच्या पोत्यांशेजारी ठेवू नका. चार्ज होताना हायड्रोजन निघतो, म्हणून खिडकी उघडी असू द्या आणि जवळ काडी ओढू नका.

आता वापराचं. १२ व्होल्ट, १५० एएच (अँपिअर-तास) बॅटरीत कागदावर १८०० वॉट-तास वीज मावते. त्यातली निम्मीच काढावी. जुना ७५ वॉटचा पंखा आठ तासांत ६०० खातो, ३० वॉटचा बीएलडीसी (कमी वीज खाणाऱ्या मोटरचा) पंखा २४०. झडीच्या दिवसांत पंखा बंद, दिवे चालू. चार्जिंग आणि वापर दोन्ही बंद ठेवून विश्रांती दिलेल्या बॅटरीचा व्होल्टेज १२.२ च्या खाली गेला तर ग्रिडवर चार्ज करा.

पॅनलवर सावली टाकणारी कडुनिंबाची फांदी आत्ताच छाटा. फवारणी पंपाची बॅटरीही पडून राहू देऊ नका, महिन्यातून एकदा चार्जिंगला लावा.