टर्बो गाडीत कोणतं पेट्रोल टाकायचं? जळगाव-धुळे-नंदुरबारवाल्यांसाठी

हल्ली आपल्या खान्देशात टर्बो पेट्रोल गाड्या भरपूर झाल्यात, पोलो जीटी, व्हर्टुस, आय२० एन लाईन, एखाद्याकडे जुनी ऑक्टाव्हिया व्हीआरएस, आणि जो तो हेच विचारून राहिला की भाऊ, १०० ऑक्टेनवालं पेट्रोल टाकू का? आधी गाडीच्या पेट्रोल टाकीचं झाकण उघडा. आत स्टिकरवर रॉन (म्हणजे ऑक्टेन मोजायचं माप) ९१, ९५ किंवा ९८ असा आकडा असतो, नसेल तर मॅन्युअलमध्ये सापडेल. किमान किती आणि शिफारस किती, हे दोन्ही बघा.

यूट्यूबवरच्या अमेरिकन व्हिडिओतला आकडा मात्र धरू नका. तिकडे मोजायची पद्धत वेगळी, त्यांचं ८७ म्हणजे आपलं साधारण ९१ आणि त्यांचं ९३ म्हणजे आपलं ९८ च्या आसपास.

ऑक्टेन जास्त म्हणजे पेट्रोलमध्ये ताकद जास्त असं नसतं. दाब आणि उष्णता वाढली तरी पेट्रोल वेळेआधी आपोआप पेटत नाही, एवढाच त्याचा अर्थ. टर्बोमध्ये दाब जास्त, त्यात आपल्याकडे मे महिन्यात ४४-४५ डिग्री, आत जाणारी हवाच तापलेली, मग नॉकिंग (पेट्रोल वेळेआधी पेटून होणारी ठकठक) सुरू होतं, सेन्सर ते पकडतो आणि ईसीयू, म्हणजे इंजिनाचा कंप्युटर, टायमिंग (ठिणगी पडायची वेळ) मागे घेतो, म्हणून दुपारी गाडी मेल्यासारखी चालते. अशा गाडीला चांगल्या ऑक्टेनचा फरक खरंच कळतो. ९१ वर चालणाऱ्या साध्या नॉन-टर्बो गाडीत १०० टाकलं तर फक्त खिसा हलका होतो.

पंपावर नावावर जाऊ नका, आकडा विचारा. नुसतं प्रीमियम म्हणून विकलं जाणारं पेट्रोल कधी कधी फक्त ॲडिटिव्हवालं (इंजिन साफ ठेवणारी रसायनं मिसळलेलं) असतं. एक्सपी९५, पॉवर९५, स्पीड ९७, एक्सपी१०० यांत आकडा नावातच आहे. आणि आता साधं म्हणून मिळतं ते ई२० (२० टक्के इथेनॉल मिसळलेलं), त्याचंही रॉन ९५ धरलेलं आहे, त्यामुळे साधं आणि ९५ यांच्या ऑक्टेनमध्ये पूर्वीइतका फरक राहिला नाही. स्टिकरवर ९५ असेल आणि गाडी ई२० ला चालणारी असेल तर साध्यावर निवांत राहा. ९८ ची शिफारस असेल तर १०० शोधा, पण त्याचा भाव साध्याच्या दीडपटीच्या आसपास जातो, म्हणून अर्धी टाकी ९५ आणि अर्धी १०० असं केलं तरी चालतं, ९७-९८ च्या जवळपास येतं.

शोधायचं कसं? कंपनीच्या ॲपवर पंप दिसतो पण निघायच्या आधी फोन करा, स्टॉक आहे का आणि टँकर कधी आला ते विचारा. खप कमी असलेल्या पंपावर महागडं पेट्रोल टाकीत पडून राहतं, हळूहळू त्यातला हलका भाग उडतो. हायवेवरचे बरेच पंप ट्रकच्या डिझेलवर चालतात, त्यापेक्षा गावातला गर्दीचा पंप बरा. नोझल लावायच्या आधी मोठ्याने सांगा, मशीनवरचं नाव बघा आणि बिलावर तेच आहे ना तेही बघा. शंका आली तर फिल्टर पेपर आणि डेन्सिटी तपासून मागा, तो तुमचा हक्क आहे, फक्त त्यातून भेसळीचा अंदाज येतो, ऑक्टेन कळत नाही.

रिमॅप करणाऱ्यांनी, म्हणजे ताकद वाढवायला ईसीयूची सेटिंग बदलून घेणाऱ्यांनी, हे नक्की ऐका. ट्यूनर १०० चा मॅप देतो म्हणाला तरी ९५ चाच घ्या, कारण १०० वाला पंप मुंबई-पुण्यात सापडेल, पण तळोद्याला किंवा रावेरला रात्री टाकी रिकामी झाली तर काय टाकणार? जे कायम मिळतं तेच धरून गाडी सेट करायची.

नवीन पेट्रोल टाकलं की एक-दोन टाक्या जाऊ द्या, ईसीयूला जुळवून घ्यायला वेळ लागतो. मग चाळीसगावहून कन्नड घाट चढताना वरच्या गिअरमध्ये १५००-२००० आरपीएमवर हळूहळू ॲक्सिलरेटर दाबा. टिणटिण आवाज आला तर नॉकिंग आहे, लगेच खालचा गिअर टाका. ओबीडी डोंगल (गाडीला लावून मोबाईलवर इंजिनाची माहिती दाखवणारं यंत्र) असेल तर टायमिंग किती मागे जातंय तेही दिसतं, पण ते शेजारी बसलेल्याने बघायचं.

ऑक्टेन बूस्टरच्या (पेट्रोलमध्ये ओतून ऑक्टेन वाढवायच्या औषधाच्या) बाटलीवर "१० पॉइंट" लिहिलेलं असलं तर ते बहुतेक वेळा फक्त १ ऑक्टेन असतं, आणि मँगनीजवाल्या बूस्टरने प्लगवर लालसर थर बसतो. त्या पैशात प्लग आणि एअर फिल्टर बदलून घ्या.