इंजेक्शनाआधी मनाचंही माप घ्या

ब्लाऊज शिवताना मी दोन्ही बाजूंना दीड-दीड इंच माया ठेवते. गिऱ्हाईक जरा भरलं, की टीप उसवून सैल करता येतं. २०२४ च्या दिवाळीत माझ्याच ब्लाऊजची माया संपली, उसवायला काही उरलंच नाही. वजन ९४ किलो, उंची पाच फूट एक इंच. डिप्रेशनची गोळी सुरू होऊन तेव्हा तीन वर्षं झाली होती.

२०२५ च्या जूनपासून मी टिर्झेपॅटाइड या वजन उतरवणाऱ्या औषधाचं आठवड्याचं इंजेक्शन घेते. आता ७८ किलोवर आले आहे. चिंचवडला माझ्या दुकानात माप द्यायला आलेल्या बायका पडद्याआड हळूच विचारतात, “ताई, ते पोटावरचं इंजेक्शन मी घेऊ का?” घ्यायचं की नाही ते डॉक्टरच ठरवतील. पण घ्यायचं ठरलं तर मन कसं सांभाळायचं, ते मी सांगू शकते. त्यातलं काही मी वेळेवर केलं, काही चुकवलं आणि मग निस्तरलं.

सगळ्यात आधी आपल्या सगळ्या गोळ्यांची पाकिटं पिशवीत घालून न्या, मनाच्या गोळ्यांचीसुद्धा. मी पहिल्यांदा ज्या डॉक्टरांकडे गेले तिथे हे शेजारी बसले होते, बाहेर ओळखीचं माणूस होतं, म्हणून डिप्रेशनची गोळी मी सांगितलीच नाही. त्यांनीही विचारलं नाही. वजन केलं, चिठ्ठी लिहिली, पाच मिनिटांत बाहेर. सुदैवाने औषध घेण्याआधी मी दुसऱ्या डॉक्टरांकडे गेले. त्या मॅडमनी पाकीट हातात घेतलं आणि म्हणाल्या, “मिर्टाझापीन. ही भूक वाढवते, तुम्हाला कुणी सांगितलं होतं का?” मला रडूच आलं. तीन वर्षं मी स्वतःला खादाड म्हणत होते.

ओलान्झापीन, क्वेटियापीन, व्हॅल्प्रोएट या मनाच्या आजारांवरच्या औषधांनीही वजन वाढतं. पण ती परस्पर बंद करू नका, हे हात जोडून सांगते. त्या गोळीने तुम्हाला उठवून उभं केलेलं असतं. मानसोपचारतज्ज्ञांना विचारा की वजन न वाढवणारा पर्याय आहे का. माझी गोळी हळूहळू कमी करत बदलली, त्याला सहा आठवडे लागले आणि तोवर इंजेक्शन सुरूच केलं नाही. लिथियम हे मनाच्या आजारावरचं औषध चालू असेल तर ते इंजेक्शनाच्या आणि मनाच्या, दोन्ही डॉक्टरांना ठळकपणे सांगाच. इंजेक्शनाने उलट्या-जुलाब झाले, पाणी पोटात गेलं नाही, तर लिथियमचं रक्तातलं प्रमाण धोक्याइतकं वाढू शकतं. त्यासाठी रक्त तपासत राहावं लागतं. दोन डॉक्टरांनी एकमेकांशी बोलावं असं वाटत असेल तर एकाची चिठ्ठी दुसऱ्याला नेऊन द्या. वाट बघत बसलात तर ते बोलणं होत नाही.

दुसरं, सुरुवातीचं माप लिहून ठेवा. वजनाचं तर सगळेच ठेवतात, मी मनाचं म्हणते. पीएचक्यू-९ नावाची नऊ प्रश्नांची चाचणी आहे. गेल्या दोन आठवड्यांत उदास वाटलं का, झोप कशी होती, कशात रस वाटला का, असे साधे प्रश्न. प्रत्येकाला शून्य ते तीन गुण, एकूण २७. दहा किंवा जास्त आले तर डॉक्टरांशी बोलायचं. नववा प्रश्न मरणाच्या किंवा स्वतःला इजा करण्याच्या विचारांचा आहे. तिथे शून्य सोडून काहीही आलं, तर बेरीज कितीही असो, त्याच दिवशी सांगायचं. माझ्या मापाच्या वहीत छाती, कंबर, मुंढा, बाहीची लांबी अशी गिऱ्हाइकांची पानं आहेत. शेवटच्या पानावर मी स्वतःचे गुण लिहिते. पहिला आकडा ८ होता. दर चौथ्या रविवारी, दुकान बंद असतं तेव्हा, चहाच्या आधी लिहिते. चौथा रविवार अशासाठी, की या औषधाचा डोस वाढवायचा झाला तर तो चार आठवड्यांनीच वाढवतात. आधी २.५ मिलिग्रॅम, मग ५, गरज पडली तर पुढे.

इंजेक्शन सुरू करण्याआधी पंधरा दिवस आणखी एक नोंद ठेवा: काय खाल्लं, किती वाजता, आणि त्याच्या आधी काय झालं होतं. कॅलरी मोजू नका. माझ्या वहीत पंधरापैकी अकरा दिवस एकच ओळ होती. रात्री अकरा, ओट्यापाशी उभ्याने, चिवड्याचा डबा, नाहीतर तूप-साखर लावून पोळ्या. आधी काय झालं होतं, त्या रकान्यात ‘काही नाही’ असं लिहिलेलं. ते काही नाही म्हणजे दिवे मालवून घर शांत झालेलं. थोड्या वेळात खूप खाणं, थांबवताच न येणं, मग लाज वाटून लपवणं, हे आठवड्यातून एकदा तरी आणि तीन महिने होत असेल तर त्याला बिंज ईटिंग डिसऑर्डर म्हणतात. तो आजार आहे आणि त्यावर समुपदेशनाचे उपचार आहेत. खाल्लेलं मुद्दाम ओकून काढायची किंवा दिवसचे दिवस उपाशी राहायची सवय असेल, तर ते डॉक्टरांना सांगितल्याशिवाय भूक मारणारं औषध घेऊ नका. अशा माणसाच्या हातात ते औषध उपासमारीचं साधन होऊ शकतं.

आता मी काय चुकवलं ते.

जेवल्यावर आपल्या आतड्यातून जीएलपी-१ नावाचं संप्रेरक सुटतं. ते जठर हळू रिकामं होऊ देतं आणि मेंदूला सांगतं की पुरे. या इंजेक्शनातलं औषध त्याची आणि त्याच्या जोडीच्या जीआयपी या संप्रेरकाची नक्कल करतं. मळमळ होईल, बद्धकोष्ठता होईल, हे मला सांगितलं होतं आणि तसं झालंही. डोक्यात दिवसभर खाण्याचं जे चालायचं तेही थांबलं. कापड बेतताना पहिल्यांदाच मी सलग दोन तास फक्त कापड बेतत होते.

चौथ्या आठवड्यात एका रात्री अकरा वाजता मी सवयीने ओट्यापाशी गेले. डबा उघडला, खायची इच्छाच नव्हती. झाकण हातात घेऊन तशीच उभी राहिले आणि हुंदका आला. एप्रिल २०२१ मध्ये आई गेली. कोविडचा वॉर्ड होता, शेवटचं बघताही आलं नाही. रोज रात्री मी ते चिवड्याखाली दाबत होते. आता दाबायला काही नव्हतं. पुढच्या रविवारी वहीत १३ आले.

औषधाने डिप्रेशन आलं असं मी म्हणत नाही. माझा आधार गेला आणि त्याच्या जागी मी दुसरं काही ठेवलेलं नव्हतं. तुम्ही ते आधीच ठेवा. तुमची खाण्याची वेळ वहीत सापडली असेल, तर त्या वेळेला माणूस नेमा, नुसतं काम नको. मी समुपदेशकांना फोन केला, मानसोपचारतज्ज्ञांनी गोळीचा डोस जुळवला आणि डोस वाढवणं महिनाभर पुढे ढकललं. साताऱ्याची बहीण पावणेअकराला फोन करते. मी कानात इअरफोन घालून ब्लाऊजांना हुक लावत बसते. आईबद्दल आम्ही दोघी चार वर्षांत जेवढं बोललो नव्हतो तेवढं पुढच्या दोन महिन्यांत बोललो. वहीतला आकडा ६ वर यायला तीन महिने लागले.

या औषधांनी आत्महत्येचे विचार येतात का, असं बायका घाबरून विचारतात. विचारायलाच हवं. रिमोनाबँट नावाचं वजन उतरवणारं औषध याच कारणाने २००८ मध्ये युरोपातून मागे घेतलं गेलं, २००९ मध्ये भारतातही बंद झालं. आताच्या जीएलपी-१ औषधांबद्दल तक्रारी आल्यावर युरोपच्या औषध नियामकांनी २०२३ मध्ये तपास केला, आणि एप्रिल २०२४ मध्ये सांगितलं की उपलब्ध पुराव्यावरून औषधामुळे तसं होतं असं दिसत नाही. मला यात धीर वाटतो. पण एक ध्यानात ठेवा: वजनासाठीच्या मोठ्या चाचण्यांमध्ये गंभीर मानसिक आजार असलेल्यांना घेतलंच नव्हतं. म्हणून आपल्यासारख्यांनी वही ठेवायची. उदासी दोन आठवडे हटली नाही, झोप उडाली, आवडीची माणसंही नकोशी झाली, तर पुढच्या तारखेची वाट बघू नका. मरणाचे विचार आले तर त्याच क्षणी घरात कुणाला तरी सांगा आणि १४४१६ ला फोन लावा. ही सरकारची टेली-मानस सेवा आहे, चोवीस तास चालते, पैसे पडत नाहीत, मराठीत बोलता येतं.

लोकांच्या बोलण्याची तयारी करा. सासूबाईंना माझ्या ताटातली अर्धी पोळी बघवत नव्हती. त्यांना मी एकदा डॉक्टरांकडे बरोबर नेलं, त्यानंतर त्या स्वतः माझ्यासाठी मुगाचं धिरडं करू लागल्या. “आजारी होतीस का गं?” म्हणणाऱ्यांना मी नुसतं “उपचार चालू आहेत” एवढंच सांगते. आरशावर मात्र भरवसा ठेवू नका. माझ्या एका गिऱ्हाइकाची छाती चार इंच उतरली होती आणि ती म्हणत होती, जुन्याच मापाने शिवा. मी टेप तिच्या हातात दिली आणि तिलाच आकडा वाचायला लावला.

पैसा आणि थांबणं हे दोन्ही विषय पहिल्याच भेटीत काढा. मार्च २०२५ मध्ये हे औषध भारतात आलं तेव्हा २.५ मिलिग्रॅमची एक कुपी ३,५०० रुपयांना आणि ५ मिलिग्रॅमची ४,३७५ रुपयांना होती, आणि महिन्याला अशा चार लागतात. वर्षाचा हिशेब करून बघा, कारण अर्ध्यात पैसे संपले की मनावर दुहेरी ओझं येतं. सेमाग्लुटाइड या अशाच दुसऱ्या इंजेक्शनाच्या चाचणीत औषध थांबवल्यावर वर्षभरात लोकांचं उतरलेलं वजन सरासरी दोन तृतीयांश परत आलं. हे आधी माहीत असलं की वजन परत चढलं तरी दोष स्वतःकडे घेतला जात नाही. ब्लड प्रेशरची गोळी बंद केल्यावर प्रेशर चढलं तर आपण स्वतःला नावं ठेवतो का? कधी थांबायचं, डोस कसा उतरवायचा, तेव्हा मनासाठी कोण बरोबर असेल, हे लिहून घ्या.

वजन उतरवायच्या शस्त्रक्रियेकडे वळणार असाल तर आधीची मानसिक तपासणी परीक्षा समजू नका, तिथे खरं बोला. पिण्याची सवय असेल तर तेही सांगा. गॅस्ट्रिक बायपास या जठराच्या शस्त्रक्रियेनंतर दारू लवकर आणि जास्त चढते, आणि खाण्याचा आधार गेलेला माणूस तिकडे वळू शकतो.

आणि मळमळीत मनाची गोळी उलटून पडली तर अंदाजाने दुसरी घेऊ नका. किती वाजता घेतली होती, किती वेळाने उलटी झाली, हे लिहा आणि डॉक्टरांना फोन करून विचारा. दोन्ही डॉक्टरांचे नंबर मी शिलाई मशीनच्या ड्रॉवरच्या आतल्या बाजूला चिकटवून ठेवले आहेत.