डाएटवर असताना "हे चालतं का?" हे स्वतःच कसं ठरवायचं

वजन कमी करायचं मनावर घेतलं की पहिल्याच आठवड्यात प्रश्न सुरू होतात, केळं चालतं का, बटाटा चालतो का, रात्री भात चालतो का, दूध प्यायलं तर काही होईल का, आणि जितक्या जणांना विचाराल तितकी उत्तरं मिळतात. एक जण म्हणतो केळ्याला हातसुद्धा लावू नको, दुसरा म्हणतो रोज दोन खा. बरेचदा यात खोटं कोणीच बोलत नसतं, प्रत्येक जण आपापल्या डाएटचा नियम सांगत असतो आणि तुमचं डाएट कुठलं हे कोणी विचारलेलंच नसतं. म्हणून मला मनापासून वाटतं की याद्या पाठ करण्यापेक्षा ती यादी बनते कशी ते समजून घ्यावं, कारण यादीत शंभर पदार्थ असले तरी तुमच्या ताटात नेमका एकशे एकावा येणार.

तर आधी आपल्या डाएटचा नियम काय आहे तो ओळखा. कॅलरी मोजायचं डाएट असेल तर त्यात बंदी अशी कशावरच नसते, दिवसाचं एक बजेट असतं आणि त्यात बसेल ते चालतं. लो कार्ब असेल तर दिवसाचे कार्ब्ज, म्हणजे धान्य, बटाटा, फळं, साखर यातले कार्बोहायड्रेट्स, ठरलेले असतात, कीटो या त्याच्या सगळ्यात कडक प्रकारात तर साधारण ५० ग्रॅमच्या आतच राहायचं असतं, आता एका मध्यम केळ्यात २५ ग्रॅमच्या वर कार्ब्ज जातात म्हणजे अर्धा कोटा तिथेच संपला, म्हणून त्या यादीत केळं बंद आणि लोणी-चीज मोकळं. लो फॅटमध्ये बरोब्बर उलटं, केळं बिनधास्त खा आणि लोणी बंद. आणि वेळ पाळून खायचं डाएट असेल, इंटरमिटंट फास्टिंग वगैरे, तर त्याच्या नियमात पदार्थच नसतात, घड्याळ असतं, उपाशी तासांमध्ये पाणी, ब्लॅक कॉफी, बिनदुधाचा बिनसाखरेचा चहा एवढंच चालतं. दोन डाएटच्या याद्या एकत्र करून दोन्हीकडचं "बंद" पाळायला जाऊ नका, मग खायला काही उरतच नाही आणि चार दिवसांत सगळं सुटतं.

यातलं कुठलं बेस्ट असं विचाराल तर जे तुम्हाला वर्षभर झेपेल ते. स्टॅनफर्ड विद्यापीठाच्या क्रिस्टोफर गार्डनर यांच्या टीमने २०१८ मध्ये ६०९ लोकांचा अभ्यास छापला, एका गटाला लो फॅट, दुसऱ्याला लो कार्ब, पूर्ण १२ महिने, आणि शेवटी दोन्ही गटांचं वजन सरासरी ५-६ किलोच उतरलं, फरक म्हणावा असा नाहीच. पण एक गोष्ट दोन्ही गटांना सारखीच सांगितलेली होती, साखर आणि मैद्यासारखी पिठं कमी, भाज्या भरपूर, पदार्थ शक्य तितके घरी केलेले. म्हणजे या बाबतीत दोन्ही याद्या एकच होत्या.

आता समोर एखादा पदार्थ आहे आणि तो यादीत नाहीये. पहिली गोष्ट बघायची ती १०० ग्रॅमला किती कॅलरी. पॅकेटवर लिहिलेलं असतं, सुट्या पदार्थाचं फोनवर शोधलं की मिळतं. मी डोक्यात ढोबळ टप्पे ठेवते: ६० च्या खाली असेल तर पोटभर, ६० ते १५० मध्ये नेहमीचं जेवण, १५० ते ४०० मध्ये मोजून आणि ४०० च्या वर अगदी थोडं. काकडी १५ च्या आसपास, टोमॅटो १८, सफरचंद ५२, उकडलेला बटाटा ८७, शिजवलेला भात १३०, बदाम ५८० च्या जवळपास, आणि तेल ८८० च्या वर. एवढा फरक का पडतो, तर पाण्याने आणि फायबरने, म्हणजे न पचणाऱ्या चोथ्याने, पदार्थाचं वजन वाढतं पण कॅलरी जवळजवळ वाढत नाहीत, आणि एक ग्रॅम फॅटमध्ये ९ कॅलरी असतात तर प्रोटीन आणि कार्ब्जमध्ये ४-४. पोटाला मात्र कळतं ते बरंचसं आकारमानावरून, त्यामुळे पाणीदार पदार्थाने पोट लवकर भरतं. द्राक्षं आणि मनुके बघा ना, फळ तेच, पण द्राक्षं १०० ग्रॅमला ७० कॅलरी आणि मनुके ३०० कॅलरी, कारण मधलं पाणी गेलं. द्राक्षांची वाटी संपवायला वेळ लागतो, मनुके बोलता बोलता मूठभर जातात.

इथे एक गोष्ट नीट बघा कारण बहुतेकांचा हिशोब इथेच चुकतो: आकडा कच्च्या पदार्थाचा आहे की शिजवलेल्या. कोरडा तांदूळ १०० ग्रॅमला ३६० कॅलरी, तोच शिजला की १३०, कारण त्याने पाणी धरलं. पॅकेटवर सहसा कोरड्याचा आकडा असतो आणि आपण ताटातलं शिजवलेलं वजन करतो, मग कोणाला भात म्हणजे भयंकर वाटायला लागतो. ओट्सचं, डाळींचं, पास्त्याचं सगळं असंच. कच्चं मोजायचं तर दरवेळी कच्चंच मोजा, म्हणजे गोंधळ नाही.

दुसरी गोष्ट प्रोटीन. वजन उतरताना फक्त चरबीच जाते असं नाही, स्नायूसुद्धा जातात, ते टिकवायला प्रोटीन लागतं, शिवाय त्याने भूक जास्त वेळ शांत राहते, आणि ते पचवायला शरीराला त्याच्याच कॅलरीतला २० ते ३० टक्के भाग खर्चावा लागतो जे फॅटच्या बाबतीत अगदी नगण्य असतं. तर हिशोब असा करा की १०० कॅलरीमागे किती ग्रॅम प्रोटीन मिळतंय. चिकनच्या बिनचरबीच्या तुकड्यात १९ च्या आसपास येतं, अंड्यात ९, शिजवलेल्या मसुरात ८, आणि पीनट बटरमध्ये फक्त ४. पीनट बटर वाईट आहे असं मी म्हणत नाहीये, चवीला खा, पण "प्रोटीनसाठी खातेय" म्हणून दोन मोठे चमचे घेतले तर साधारण १९० कॅलरी जातात आणि त्यातल्या बहुतेक फॅटच्या असतात. प्रोटीन बारचंही असंच मोजून बघा, पॅकेटच्या पुढच्या बाजूला काय मोठ्या अक्षरात लिहिलंय ते सोडून द्या.

बटाट्याबद्दल मला थोडं जास्त लिहायचंय कारण त्याच्यावर फार अन्याय होतो. १९९५ मध्ये सिडनी विद्यापीठात सुझॅना होल्ट आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी ३८ पदार्थ तपासले, प्रत्येकाचा सारख्याच कॅलरींचा भाग खायला देऊन पुढचे दोन तास पोट किती भरलेलं वाटतं ते विचारलं, पांढऱ्या ब्रेडला १०० धरलं तर उकडलेला बटाटा ३२३ वर गेला, म्हणजे यादीत सगळ्यात वर, आणि क्रोसाँ, म्हणजे लोणी घातलेला पापुद्र्यांचा फ्रेंच पाव, ४७ वर, सगळ्यात खाली. आणि आपण डाएट सुरू करताना पहिलं काय बंद करतो तर बटाटा! अर्थात हे उकडलेल्या बटाट्याचं झालं, तोच कापून तळला की वेफर्स १०० ग्रॅमला ५३० च्या वर जातात. म्हणून "बटाटा चालतो का" हा प्रश्नच अपुरा आहे, बटाटा कसा केलेला हे विचारायला पाहिजे.

तिसरी गोष्ट, पदार्थ कितपत फॅक्टरीतून आलाय. अमेरिकेच्या राष्ट्रीय आरोग्य संस्थेत केविन हॉल यांनी २०१९ मध्ये २० जणांना चार आठवडे तिथेच ठेवून घेतलं, दोन आठवडे अति-प्रक्रिया केलेलं खाणं आणि दोन आठवडे साधं खाणं, दोन्हीकडे समोर ठेवलेल्या कॅलरी, साखर, फॅट, फायबर सगळं सारखं, पाहिजे तेवढं खा. पॅकेटच्या खाण्यावर लोक रोज सुमारे ५०० कॅलरी जास्त खात होते आणि त्यांचं वजन वाढलं, साध्या खाण्यावर उतरलं. त्यामुळे दोन पदार्थांचे आकडे सारखे दिसत असतील तर मी नेहमी साधा पदार्थ निवडते, तो हळू खाल्ला जातो आणि आपोआप थांबता येतं.

आता एक लेबल आपण सोबत वाचू. समजा म्युसलीचं, म्हणजे ओट्स आणि सुक्यामेव्याच्या मिश्रणाचं, पॅकेट आहे, पुढे लिहिलंय एका सर्व्हिंगला ११० कॅलरी. छान वाटतं. मागे बारीक अक्षरात सर्व्हिंग म्हणजे ३० ग्रॅम. आता आपला रोजचा बाऊल घ्या, रोज ओतता तसंच ओता आणि वजन करा, ८० ग्रॅम सहज निघतं, म्हणजे २९० च्या वर झाल्या आणि दूध अजून पडायचंय. मग घटकांची यादी बघा, ती वजनाच्या उतरत्या क्रमाने असते, जे पहिलं ते सगळ्यात जास्त. साखर चौथ्या नंबरवर दिसली म्हणून खूश होऊ नका, त्याच यादीत ग्लुकोज सिरप, मध, डेक्स्ट्रोज, फळांच्या रसाचं कॉन्सन्ट्रेट असं वेगवेगळ्या नावांनी तीच वाटून टाकलेली असू शकते. जागतिक आरोग्य संघटना म्हणते की वरून घातलेली साखर, मध, सिरप आणि ज्यूसमधली साखर मिळून दिवसाच्या ऊर्जेच्या १० टक्क्यांच्या आत ठेवा, ५ टक्क्यांच्या आत म्हणजे साधारण २५ ग्रॅम ठेवली तर आणखी बरं. "शुगर फ्री" बिस्किटात पीठ आणि फॅट असतंच, "लो फॅट" दह्यात चवीसाठी साखर घातलेली असू शकते, आणि "मल्टीग्रेन"चा अर्थ धान्यं बरीच एवढाच, ती अख्खी आहेत असं त्यात कुठे लिहिलंय.

लो कार्बवाल्यांसाठी एक खास सूचना: अमेरिकन लेबलवर कार्ब्जच्या आकड्यात फायबर धरलेलं असतं, युरोपियन लेबलवर ते आधीच वगळलेलं असतं. त्यामुळे बाहेरून आलेल्या पॅकेटवर फायबर वजा करायच्या आधी ते कुठल्या पद्धतीचं लेबल आहे बघा, नाहीतर दोनदा वजा होईल.

पिण्याच्या गोष्टींचा नियम मी सरळ ठेवलाय, पाणी, बिनदुधाचा बिनसाखरेचा चहा-कॉफी मोकळं, बाकी सगळं खाण्यात धरायचं. संत्र्याचा रस १०० मिलीला ४५ कॅलरी, कोला ४२, म्हणजे जवळजवळ सारखेच, रसात व्हिटॅमिन आहेत हे खरं पण मोठा ग्लास म्हणजे तीन संत्री, आणि एरवी आपण एका बैठकीत तीन खात नाही. दारूत ग्रॅमला ७ कॅलरी, वर त्यात मिसळलेल्या कोला किंवा ज्यूसची साखर वेगळी.

एवढं बघून झालं की पदार्थ तीन खणांत टाका, मोकळा, मोजून, आणि कधीतरी. यात एक बदल मात्र प्रत्येकाने स्वतःचा स्वतः करायचा: जो पदार्थ सुरू केला की तुम्हाला थांबताच येत नाही तो आकड्यांनी कितीही बरा असला तरी एक खण खाली ढकला. एखाद्याला दाणे दहा खाऊन डबा बंद करता येतो, दुसऱ्याचा डबा संपतो, तर दोघांची यादी सारखी कशी असेल. आणि उलटंही करा, जो पदार्थ जिवापाड आवडतो तो "कायमचा बंद"मध्ये टाकू नका, छोटा भाग ठरवून "कधीतरी"मध्ये ठेवा, नाहीतर एक दिवस सगळी कसर भरून निघते.

ही सगळी पद्धत ज्यांना दुसरा आजार नाही त्यांच्यासाठी आहे. इन्सुलिन किंवा शुगर कमी करायच्या गोळ्या चालू असतील तर कार्ब्ज अचानक कमी करू नका, शुगर धोकादायक खाली जाऊ शकते. रक्त पातळ करायला वॉरफरिन घेत असाल तर पालेभाज्या एकदम वाढवणं किंवा बंद करणं दोन्ही डॉक्टरांना विचारून. किडनीचा त्रास असेल तर प्रोटीनचा आकडा डॉक्टरच ठरवतील. गरोदर असाल, बाळाला पाजत असाल, किंवा पूर्वी खाण्याशी संबंधित मानसिक आजार झाला असेल तर कॅलरी मोजायला एकट्याने बसू नका. आणि दिवसाला ८०० कॅलरीच्या खालचं डाएट कोणी सांगत असेल तर ते फक्त डॉक्टरांच्या देखरेखीखाली.

यादी बनवली की तीन-चार आठवडे तीच पाळा. पहिल्या आठवड्यात काटा झपकन खाली येतो, विशेषतः लो कार्बमध्ये, ते बरंचसं पाणी असतं, त्यावरून काही ठरवू नका, रोजच्या वजनाची आठवड्याची सरासरी काढून त्या सरासऱ्या बघा. हललं नाही तर लगेच भात किंवा फळं बंद करायला धावू नका, आधी "थोडंसंच" म्हणून न मोजता जाणाऱ्या गोष्टी मोजा: फोडणीचं तेल, सॅलडवरचं ड्रेसिंग, चहातलं दूध-साखर, येता-जाता तोंडात टाकलेले दाणे. एक मोठा चमचा तेल म्हणजे १२० कॅलरी, सॅलडवर असे दोन चमचे पडले तर खालच्या ३०० ग्रॅम काकडी-टोमॅटोच्या ५०, वर २४०. बाटलीतून सरळ कढईत ओतायचं बंद करून चमच्याने घालायला लागा, आणि मग दोन आठवड्यांनी परत सरासरी बघा.