अमेरिकेत टेनिस स्कॉलरशिपवर जाताय? आधी पैशाचं गणित समजून घ्या

पुण्यातल्या कुठल्याही टेनिस क्लबच्या बाकावर पाच मिनिटं बसा, ‘फुल राइड’, म्हणजे पूर्ण स्कॉलरशिप, हा शब्द कानावर पडतोच. पोरगी आत सर्व्हिस मारत असते आणि बाहेर आई-बाबा ‘फुल राइड’चा हिशोब मांडत असतात. ऋतुजा भोसले टेक्सस ए अँड एम विद्यापीठात खेळून आली आणि पुढे २०२३च्या आशियाई स्पर्धेत रोहन बोपण्णाबरोबर मिश्र दुहेरीचं सुवर्ण जिंकली, तेव्हापासून तर हा रस्ता घरोघरी माहीत झालाय. हल्ली त्यात एका प्रश्नाची भर पडलीय. ‘ताई, आता तिकडे कॉलेजच्या खेळाडूंना स्कॉलरशिपवर वेगळे पैसेही मिळतात ना?’

मिळतात. तुमच्या मुलीला बहुधा मिळणार नाहीत. का ते सांगते.

मी २०१८ ते २०२२ अमेरिकेच्या दक्षिणेकडच्या एका सरकारी विद्यापीठात टेनिस स्कॉलरशिपवर होते. डिव्हिजन वन, म्हणजे कॉलेजच्या खेळांतली सगळ्यात वरची पातळी, पण टीव्हीवर रोज दिसणाऱ्यातलं नव्हे. कॉलेजच्या खेळाडूंना पैसे द्यावेत की नाही या भांडणाचा सगळ्यात गरम काळ नेमका माझ्या शिक्षणाच्या मधोमध आला, त्यामुळे आधीचे नियम आणि नंतरचे नियम दोन्ही बघायला मिळाले.

आधी स्कॉलरशिप म्हणजे काय ते. पूर्ण स्कॉलरशिपमध्ये ट्यूशन, फी, खोली, जेवण आणि पुस्तकं येतात. २०१५पासून मोठ्या कॉन्फरन्समधल्या, म्हणजे आपसात खेळणाऱ्या कॉलेजांच्या मोठ्या गटांतल्या, कॉलेजांना त्यावर थोडा वरखर्चही देता येऊ लागला, म्हणजे घरी जायचं तिकीट, फोन, कपडे वगैरे. माझ्या वेळी मुलींच्या टेनिस संघाला ८ पूर्ण स्कॉलरशिपची मुभा होती. मुलांच्या संघाला साडेचार, आणि त्या साडेचार आठ-दहा मुलांत वाटायच्या. शेजारच्या कोर्टावर आमच्याइतकंच खेळणारा मुलगा निम्मी फी भरायचा आणि आम्ही एक डॉलरही नाही. त्याला कारण फुटबॉल, म्हणजे अमेरिकन फुटबॉल, आपला सॉकर नव्हे. वरच्या पातळीच्या फुटबॉल संघाला तेव्हा ८५ स्कॉलरशिप होत्या आणि मुलींचा असा फुटबॉल नाहीच. १९७२च्या टायटल नाइन कायद्याने मुला-मुलींना समान संधी देणं बंधनकारक केलं, म्हणून ते पारडं मुलींच्या टेनिस, व्हॉलीबॉल, रोइंगने भरून काढायचं. माझी स्कॉलरशिप अशी आली. माझ्या बॅकहँडचाही त्यात हात होता, नाही असं नाही.

आता पैसे कुणाचे, हे बघा. आमच्या सामन्याला तिकीट नव्हतं. प्रेक्षक म्हणजे कोचची बायको, दोन प्राध्यापक आणि कुत्र्याला फिरवायला आलेलं कुणीतरी. फुटबॉलच्या शनिवारी मात्र गावाला जत्रेचं रूप यायचं. सकाळपासून पार्किंगमध्ये शेगड्या पेटायच्या आणि दुपारी स्टेडियम भरायचं. पुरुषांच्या बास्केटबॉलच्या मार्चमधल्या स्पर्धेचा टीव्ही करार २०१६ साली आठ वर्षांनी वाढवला तेव्हा त्या वाढीचीच किंमत ८.८ अब्ज डॉलर होती. अलाबामाचे फुटबॉल कोच निक सेबन निवृत्त होताना वर्षाला १ कोटी डॉलरहून जास्त घेत होते. अनेक राज्यांत सर्वांत जास्त पगार घेणारा सरकारी नोकर राज्यपाल नसतो, कोच असतो. आणि मैदानावर जे डोकी आपटून घेतात त्यांना खोली, जेवण, वर्ग.

हे वाद आजचे नाहीत. १९५५ साली कोलोरॅडोतल्या फोर्ट लुईस कॉलेजचा रे डेनिसन हा फुटबॉलपटू सामन्यातल्या दुखापतीने गेला. त्याच्या विधवेने कामगार भरपाई मागितली. १९५७ साली कोलोरॅडोच्या सर्वोच्च न्यायालयाने ती नाकारली, कारण कॉलेज काही फुटबॉलचा धंदा करत नाही. पुढे साठेक वर्षं त्याच भूमिकेवर सगळा डोलारा उभा राहिला.

आमच्याकडे खेळाडूंसाठी संध्याकाळी सक्तीचा स्टडी हॉल असायचा. माझं स्टॅटिस्टिक्स बरं होतं, म्हणून फुटबॉल संघातला एक लाइनमन, म्हणजे पुढच्या फळीत धडका देणारा खेळाडू, माझ्या टेबलावर येऊन बसायचा. सहा फूट चार इंच, आवाज मात्र एकदम मऊ. दोन्ही खांद्यांवर बर्फाच्या पिशव्या, त्यावरून प्लास्टिक गुंडाळलेलं, आणि समोर स्टँडर्ड डेव्हिएशन. बर्फ वितळून पाणी वहीवर गळायचं. गरीब घरच्या अमेरिकन मुलांना सरकारकडून पेल ग्रँट मिळते, त्यातले पैसे तो आईला पाठवायचा. त्याच्या नंबरची जर्सी कॅम्पसच्या दुकानात विकायला होती. त्यातला एक डॉलरही त्याला नव्हता आणि तेव्हाच्या नियमाने घेताही आला नसता. तेच पैसे फिरून माझ्या जेवणात येत होते, हे कळायला अर्थशास्त्र शिकावं लागत नाही.

मग कोर्टकचेऱ्यांनी चित्र पालटलं. थोडक्यात सांगते, कारण तुमच्या कामाचा भाग पुढे आहे. कॅलिफोर्नियाने २०१९ साली कायदा केला की खेळाडूंना स्वतःच्या नावावर, चेहऱ्यावर पैसे कमवता येतील. २१ जून २०२१ रोजी अमेरिकेच्या सर्वोच्च न्यायालयाने ऑल्स्टन खटल्यात एनसीएएच्या, म्हणजे कॉलेजचे खेळ चालवणाऱ्या संघटनेच्या, विरोधात एकमताने निकाल दिला, नऊ विरुद्ध शून्य. न्यायमूर्ती कॅव्हानॉ यांनी तर वेगळं निकालपत्र लिहून सुनावलं की कामगारांना बाजारभावाने पैसे न देण्याचा आपसात करार करणं या देशात दुसऱ्या कुठल्याही धंद्याला चाललं नसतं. त्यानंतर दहाच दिवसांत, १ जुलै २०२१ला, एनआयएल (नेम, इमेज, लाइकनेस) सुरू झालं. म्हणजे जाहिराती, सोशल मीडियावरच्या पोस्ट, सह्या, कोचिंग कॅम्प हे सगळं खेळाडूला स्वतःसाठी मोकळं. आणि जून २०२५मध्ये खेळाडूंनी एनसीएएवर केलेल्या हाउस खटल्यातली तडजोड मंजूर झाली. आता कॉलेजं खेळाडूंना थेट पैसे देऊ शकतात, पहिल्या वर्षी एका कॉलेजची कमाल मर्यादा सुमारे २ कोटी ५ लाख डॉलर.

आकडा बघून हुरळून जाऊ नका. त्याच तडजोडीत जुन्या खेळाडूंना द्यायच्या २.८ अब्ज डॉलरच्या नुकसानभरपाईत वाटपाचं सूत्र साधारण असं आहे: ७५ टक्के फुटबॉल, १५ टक्के पुरुषांचं बास्केटबॉल, ५ टक्के महिलांचं बास्केटबॉल आणि उरलेल्या ५ टक्क्यांत बाकी सगळे. नव्या पैशांची वाटणीही अनेक मोठ्या कॉलेजांनी याच हिशोबाने केलीय. टेनिस त्या ‘बाकी सगळे’मध्ये, तेही पोहणं, गोल्फ, जिम्नॅस्टिक्स यांच्या रांगेत.

दुसरी भिंत व्हिसाची, आणि आपल्याकडच्या एजंट लोकांच्या तोंडून हे कधीच येत नाही. २०२१च्या त्या जुलैनंतर आमच्या गावातल्या एकमेव भारतीय रेस्टॉरंटच्या मालकांनी मला विचारलं, महिन्यातून एक इन्स्टाग्राम पोस्ट टाक, २०० डॉलर आणि थाळी देतो. माझ्या दुहेरीच्या अमेरिकन जोडीदारणीने तोवर एका स्थानिक जिमबरोबर करार करूनही टाकला होता. मी कंप्लायन्स ऑफिसात, म्हणजे खेळाचे नियम पाळले जातात का बघणाऱ्या कॉलेजच्या ऑफिसात, गेले. त्यांनी हसून सांगितलं, आमच्याकडून हरकत नाही, पण आंतरराष्ट्रीय विद्यार्थी कार्यालयाला विचार. तिथल्या बाई हसल्या नाहीत. एफ-१ या विद्यार्थी व्हिसावर कॅम्पसबाहेर परवानगीशिवाय काम करता येत नाही, पैसे घेऊन पोस्ट टाकणं हे काम धरलं जाऊ शकतं, आणि एकदा व्हिसाचं स्टेटस गेलं की स्कॉलरशिप, संघ, पदवी सगळंच धोक्यात. थाळी मी पुढेही खाल्ली, रोख पैसे मोजून.

नावाजलेल्यांचंही हेच झालं. पर्ड्यूचा झॅक एडी कॅनडाचा. देशातला सर्वोत्तम कॉलेज बास्केटबॉलपटू ठरला, तरी संघातल्या अमेरिकन मुलांसारखे करार त्याला करता येत नव्हते. केंटकीचा ऑस्कर शिब्वे काँगोचा. २०२२च्या उन्हाळ्यात संघ बहामाला गेला, तेव्हा अमेरिकेबाहेर असल्याचा फायदा घेऊन त्याने तिथे जाहिरातींचं काम उरकलं. आपल्या मुलींसाठी यातून घ्यायचं एवढंच: सुट्टीत भारतात येऊन काही कराल तर आधी इमिग्रेशनच्या वकिलाला विचारा. टीममेट, कोच, व्हॉट्सअ‍ॅप ग्रुप यांचं ऐकू नका. कोचला एनसीएएचे नियम माहीत असतात, व्हिसाचे नसतात.

मग खेळाडूंना पैसे मिळायला हवेत का? माझं मत, हवेत. ‘फुकट शिक्षण मिळतंय की’ हा युक्तिवाद मला आपल्याकडेही ऐकवतात. शिक्षण मिळतं, पण खेळाच्या वेळातून जे उरतं ते. नियम आठवड्याला २० तासांचा आहे. सामन्याचा अख्खा दिवस मात्र त्यात ३ तासच मोजतात आणि प्रवास मोजतच नाहीत. शुक्रवारी पहाटे व्हॅनमध्ये बसून रविवारी रात्री परत आलं, तरी कागदावर वीकेंडचे सहा तास. माझ्या संघातल्या एका मुलीला नर्सिंग करायचं होतं. क्लिनिकलचे तास दुपारच्या प्रॅक्टिसवर येत होते, तेव्हा तिला ‘जरा सोयीचा’ मेजर घ्यायला गोड शब्दांत सुचवण्यात आलं. तिने घेतला. खेळासाठी विषय बदलायला लागत असेल, तर ती नोकरीच झाली, आणि नोकरीला पगार असतो.

पण सगळ्या खेळांना सारखा पगार, हे मला पटत नाही. ज्यांच्या सामन्यांवर टीव्हीचे अब्जावधी उभे आहेत, त्यांना त्यातला वाटा मिळावा. त्या लाइनमनला माझ्याआधी मिळायला हवा होता. आमच्यासारख्यांना मागायचं असेल तर दुसरंच मागावं: दुखापत झाली तर उपचार, पदवी पूर्ण होईपर्यंत स्कॉलरशिपची खात्री, आणि स्वतः कोर्टावर जिंकलेलं बक्षीस स्वतःकडे ठेवायची मुभा. हे शेवटचं टेनिसवाल्यांना फार लागतं. माझ्या वेळी कॉलेजला लागण्याआधी वर्षाला १०,००० डॉलरपर्यंत बक्षीस घेता यायचं, त्यावर फक्त खर्चापुरतं. नॉर्थ कॅरोलायनाच्या रीस ब्रँटमायरने २०२१च्या यूएस ओपनमध्ये कमावलेले बरेचसे पैसे यापायी सोडले आणि २०२४ साली एनसीएएवर दावा ठोकला. मुलगी आयटीएफ स्पर्धा खेळत असेल तर तिकीट, हॉटेल, कोचची फी, सगळ्या पावत्या तारखेवार लावून ठेवा, आणि नियम अर्ज करताना ताजे बघा.

माझ्या मताला एक काटा आहे, तोही सांगते. फुटबॉलला पैसे द्यायचे तर ते कुठून तरी येणार. मार्च २०२५मध्ये कॅल पॉलीने पोहण्याचे आणि डायव्हिंगचे संघ बंद केले, आणि कारणांत हाउस तडजोडीचा उल्लेख होता. तडजोडीत सामील झालेल्या कॉलेजांत आता स्कॉलरशिपची मर्यादा गेली आणि संघाच्या आकाराची आली, टेनिसला १० खेळाडू. कागदावर दहाच्या दहा जणींना पूर्ण स्कॉलरशिप देता येते. प्रत्यक्षात अ‍ॅथलेटिक डायरेक्टर ती देईल की वाचवलेला पैसा फुटबॉलच्या क्वार्टरबॅकला देईल, हे ज्या त्या कॉलेजवर आहे. पूर्वीसारखं ‘मुलींच्या टेनिसला पूर्ण मिळतेच’ असं धरून चालू नका.

म्हणून कोचशी व्हिडिओ कॉल होईल तेव्हा लाजू नका, पैशाचं विचारा. आपल्याकडे मुलींना हे बोलायची सवय नसते आणि बाबा मध्येच ‘शी इज व्हेरी हार्डवर्किंग’ सुरू करतात. बाबांना थांबवा. विचारा, स्कॉलरशिप एका वर्षाची की चार वर्षांची? २०१२पर्यंत ती एका वर्षाचीच असायची, आता जास्त वर्षांची देता येते, पण प्रत्येक कॉलेज देतंच असं नाही. उन्हाळ्यातले वर्ग त्यात धरलेत का? कॉलेज तडजोडीत सामील आहे का, आणि टेनिस संघाचं पुढच्या तीन-चार वर्षांचं बजेट काय? दुखापतीचा खर्च कोण करतं? ऑगस्ट २०२४पासून डिव्हिजन वन कॉलेजांना खेळातल्या दुखापतीचा खर्च शिक्षण संपल्यावरही दोन वर्षं करावा लागतो, पण त्याचे अर्ज कुठे, कसे, हे आधीच लेखी घ्या. हार्वर्ड, येल वगैरे आयव्ही लीग कॉलेजांचं नाव ऐकून हुरळायच्या आधी हेही लक्षात ठेवा की तिथे खेळाची स्कॉलरशिप नसतेच, आर्थिक गरजेवर मदत असते. डिव्हिजन थ्रीचंही तसंच, खेळासाठी स्कॉलरशिप नाही.

आणि टॅक्स. हा मुद्दा मला कुणी सांगितला नव्हता, पहिल्या सेमिस्टरच्या बिलातून कळला. ट्यूशन आणि पुस्तकांची स्कॉलरशिप करमुक्त असते, पण खोली-जेवणाची रक्कम एफ-१ विद्यार्थ्यासाठी करपात्र धरतात आणि साधारण १४ टक्के कापतात. हातात रोख काहीच आलेलं नसतं, त्यामुळे ती कपात स्टुडंट अकाउंटवर थकबाकी म्हणून उभी राहते. फुल राइडवाल्या मुलीला अचानक काही शे डॉलरचं बिल येतं आणि ते भरलं नाही तर पुढच्या टर्मची नोंदणी अडते. वर्ष संपल्यावर १०४२-एस नावाचा फॉर्म येतो, तो जपून ठेवा. १०४०-एनआर हे टॅक्स रिटर्न भरून हिशोब करावा लागतो, आणि भारतीय विद्यार्थ्यांना भारत-अमेरिका कर करारानुसार स्टँडर्ड डिडक्शन मिळतं, त्यामुळे कापलेल्यातले बरेच पैसे परतही येऊ शकतात. कॅम्पसवर आठवड्याला २० तासांपर्यंत काम करायला एफ-१वर मुभा असते. प्रॅक्टिसनंतर अंगात त्राण उरले, तर रॅकेट स्ट्रिंगिंगचं किंवा लायब्ररीतलं काम बघा, त्यातून वरखर्च सुटतो. निघताना मात्र पहिल्या सेमिस्टरपुरते हजारभर डॉलर वेगळे बांधून न्या.